चाळीसपट मोठा हात

कारखान्यात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. हजेरीच्या यादीत ते नाव असेल, तेवढंच. बाकी शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या त्या मास्तरीणबाई. आता शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण गेल्या सत्तावीस वर्षांत सर्किट बोर्डाला हात लावायला जो कुणी इथे आला, मग तो सुवर्णपदक गळ्यात घालून आलेला इंजिनिअर का असेना, त्याला पहिले पंधरा दिवस बाईंच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर काढावे लागत. तिथे पदकाला कुणी विचारत नसे. हात चालतोय का, एवढंच बघितलं जाई.

काम काय, तर तिळाएवढे, कधी तिळाच्याही निम्मे भाग चिमट्याने उचलायचे, बोर्डावर आपापल्या जागी ठेवायचे आणि गरम आयर्नचं टोक टेकवून सोल्डरच्या, म्हणजे वितळलेल्या धातूच्या, थेंबाने पक्के करायचे. हजारांनी बोर्ड काढायला यंत्रं होती. पण यंत्राने बिघडवलेलं निस्तरायचं असलं, किंवा नव्या रचनेचा पहिला नमुना हाताने जुळवायचा असला, की तो ट्रे निमूटपणे बाईंच्या टेबलावर येई. टेबलावर गोल भिंगाचा एक दिवा होता, वस्तू तिप्पट मोठी दाखवणारा. बाईंचं सगळं राज्य त्या भिंगाखाली.

शिकवायची पद्धत म्हणजे तोंडाचा पट्टा. "आधी जागा तापव, मग सोल्डर दे. घाई केलीस तर वरून चकाकेल आणि आतून कच्चं राहील. माणसांचंही तसंच असतं, पण ते तुझं तू बघ." कुणी नवखा सिग्नलची लाट दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्याकडे बोट दाखवत धावत आला, की बाई, सिग्नलमध्ये भयंकर खरखर दिसतेय, तर बाई आधी यंत्राची कळ बघत. "अरे, दोन हजारपट मोठं करून बघतोस आणि खरखर दिसते म्हणून रडतोस? एवढं मोठं केल्यावर कुणाचाही सिग्नल खरखरीतच दिसणार. आधी किती पट मोठं केलंय ते बघ, मग घाबर." हे वाक्य त्यांनी सत्तावीस वर्षांत निदान दोनशे जणांना ऐकवलं असेल. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा नेमकं तेच आठवलं नाही. शहाण्या माणसांचं हे असंच असतं, दुसऱ्याला सांगून सांगून वाक्याची धार गेलेली असते.

झालं असं, की इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांची मोठी परिषद भरायची होती. तीन दिवसांची. एरवी तिथे नुसती भाषणं व्हायची आणि दुपारच्या जेवणानंतर अर्धी मंडळी बसल्याजागी डुलक्या घ्यायची. या वर्षी आयोजकांनी ठरवलं, की काही वर्ग प्रत्यक्ष करून दाखवायचे ठेवू. साहेबांनी बाईंचं नाव परस्पर देऊन टाकलं.

"कुणाला विचारून?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

"म्हणजे उत्तर माहीत होतं की तुम्हाला."

साहेब हसले आणि निघून गेले. विषय ठरला: हाताने करायचं सूक्ष्म सोल्डरिंग. परिषदेच्या मांडवातल्या शेवटच्या माणसालाही दिसावं म्हणून एक नवा कॅमेरा मागवला, भिंगात बसवलेला, जो चाळीसपट मोठं करून भिंतभर पडद्यावर दाखवेल. कॅमेरा सांभाळायला एक तरुण इंजिनिअर मुलगी दिली. तिचा चष्मा तिच्या चेहऱ्यापेक्षा मोठा होता, त्यामुळे तिचंही खरं नाव लवकरच मागे पडलं आणि ती चष्मेवाली झाली. ती बाईंच्या स्टुलावर पंधरा दिवस काढून गेलेली होती आणि बाईंचा शब्द तिला कायद्यासारखा होता.

परिषदेला सहा आठवडे होते. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले होते, तेव्हा बाईंनी म्हटलं, बघूया तरी हे प्रकरण. चष्मेवालीने दाखवली होती तशी बटणं दाबली, बोर्ड ठेवला, आयर्न उचललं आणि मान वर करून पडद्याकडे बघितलं.

पडद्यावर आयर्नचं टोक खांबाएवढं दिसत होतं. आणि ते थरथरत होतं.

बाईंनी मनगट टेकवलं. तरी थरथरत होतं. श्वास रोखला. आणखीच थरथरलं. त्यांनी आयर्न स्टँडमध्ये ठेवलं, कॅमेरा बंद केला आणि त्या मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या.

कारण त्यांना हे ओळखीचं होतं. त्यांचे वडील नकाशे काढायचे. अशी रेघ मारायचे की पट्टीने लाजावं. बावन्नाव्या वर्षी एकदा त्या रेघेला बारीकशी लाट आली. मग चमचा हलायला लागला, मग सही बदलली, मग शर्टाची बटणं लागेनात. कंपवात. शेवटची अकरा वर्षं ते बाईंकडेच होते, आणि रोज सकाळी कामावर निघायच्या आधी बाई त्यांची बटणं लावून देत असत. वडील तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहायचे. लेकीकडे बघायचे नाहीत.

आणि बाईंना एक्कावन्नावं वर्ष चालू होतं. हिशेब करायला वेळ लागला नाही.

यानंतरचे सहा आठवडे म्हणजे नुसता मनस्ताप. म्हणतात ना, मन चिंती ते वैरी न चिंती. बाई बाथरूमचं दार लावून हात पुढे करायच्या, त्यावर वर्तमानपत्राचा कागद ठेवायच्या आणि कागदाची कडा हलते का बघत उभ्या राहायच्या. कडा हलायचीच. कुणाच्याही हातावर ती हलते, पण दुसऱ्या कुणाचा हात तिथे बघायला होताच कुठे? चहाचा कप त्या दोन्ही हातांनी धरायला लागल्या. सही करताना आजूबाजूला कुणी नाही ना, हे बघायला लागल्या. कारखान्यात मात्र त्यांचं काम पूर्वीसारखंच चाललं होतं. सहा आठवड्यांत तपासणीतून सोल्डरचा एकही सांधा नापास होऊन परत आला नाही. दुसऱ्या कुणाचं असं असतं तर बाईंनीच म्हटलं असतं, अरे पुरावा समोर आहे आणि रडतोस काय? पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तपासणीवाल्यांची नजर हल्ली पहिल्यासारखी राहिली नाही, असा निकाल त्यांनी देऊन टाकला.

डॉक्टरकडे जायचं त्यांनी टाळलं. वडिलांच्या वेळी डॉक्टरने त्या रोगाचं नाव घेतलं आणि त्या दिवसापासून तो रोग घरात राहायलाच आला, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलं होतं. नवऱ्याला सांगायचंही टाळलं. नवरा टपालखात्यातून निवृत्त झालेला, सकाळचा चहा करणारा, बोलायला कमी आणि ऐकायला पक्का असा माणूस. त्याने वडिलांची सगळी अकरा वर्षं बघितली होती. त्याला पुन्हा तेच सांगायचं कोणत्या तोंडाने?

सांगितलं फक्त साहेबांना, आणि तेही अर्धवट. परिषदेच्या दोन दिवस आधी बाई त्यांच्या खोलीत गेल्या.

"परिषद झाली की मी थांबते."

"कुठे थांबता?"

"घरी."

"किती दिवस?"

"कायमची. गुडघे दुखतात."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "बाई, तुमचं काम बसून आहे."

"बसूनच दुखतात."

साहेबांचा चेहरा पडला. परिषदेनंतर बोलू, एवढंच ते म्हणाले. बाईंना त्यांची दया आली, आणि स्वतःचा रागही. सत्तावीस वर्षं खोटा सांधा कुणाचा खपवून घेतला नाही, आणि आता स्वतःच गुडघ्यांच्या नावाने खोटं बोलत होत्या.

परिषदेला नाही म्हणणं मात्र जमलं नाही. नाव छापून झालं होतं. तेव्हा बाईंनी एक युक्ती काढली. चष्मेवालीला म्हणाल्या, "दहापटच ठेव हं. त्याच्या वर गेलं की लोकांना गरगरतं." चष्मेवालीने मान डोलावली आणि वहीत लिहूनही घेतलं: दहापट, गरगरतं.

परिषदेच्या दिवशी बाईंच्या आधी दोन तरुणांचा वर्ग होता. त्यांनी बनवलेला एक यांत्रिक हात टेबलावरचा काचेचा पेला उचलून दुसरीकडे ठेवणार होता. बटण दाबलं. हात ढिम्म. पुन्हा दाबलं. काही नाही. दोघांपैकी एक घाम पुसत म्हणाला, "सकाळी चालत होतं." यावर अख्खा मांडव हसला, कारण त्या मांडवात असा एकही माणूस नव्हता ज्याने आयुष्यात कधीतरी चारचौघांसमोर हे वाक्य म्हटलं नसेल. बाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "बाळांनो, सप्लायची वायर अर्धीच बसलीय." वायर नीट बसवली, हात हलला, पेला उचलला गेला, टाळ्या पडल्या. दोघं बाईंकडे असे बघत होते की जणू त्यांनी बुडताना हात दिला. बाईंच्या मनात आलं, मला कोण देणार?

मग त्यांचं नाव पुकारलं. अध्यक्ष म्हणून एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक बसले होते. या विषयातली मोठी असामी. अर्ध्या मांडवाने त्यांचीच पुस्तकं घोकून पदव्या घेतलेल्या. त्यांनी बाईंची ओळख करून दिली, एका मुलाने बाईंच्या पदराला छोटा माइक अडकवला, आणि बाई टेबलाशी बसल्या. ऐंशी खुर्च्या भरल्या होत्या, मागे लोक उभेही होते.

सुरुवात बरी झाली. दहापट. बाईंचा तोंडाचा पट्टा सुरू झाला, आधी जागा तापवा वगैरे. पहिला भाग बसला. दुसरा बसला. बाईंना वाटलं, निभावलं बहुतेक.

तेवढ्यात मागून एकजण उठला. "बाई, आम्हाला इथून मुंगीसुद्धा दिसत नाही. जरा मोठं करता का?"

"दिसतंय तेवढं पुरे आहे," बाई म्हणाल्या.

"दिसत नाहीये म्हणून तर सांगतोय."

प्राध्यापक चष्मेवालीकडे वळले. "हा चाळीसपर्यंत जातो ना? मग करा की. लोक बघायलाच तर आलेत."

चष्मेवालीने बाईंकडे बघितलं. बाईंनी आयर्नच्या टोकावरून नजर काढलीच नाही. चष्मेवालीने बिचारीने इकडे कायदा आणि तिकडे अध्यक्ष असं बघितलं आणि कळ फिरवली.

भिंतभर हात. नखाच्या कडेला राहिलेला सोल्डरच्या राळेचा डागसुद्धा बशीएवढा. आणि खांबाएवढं टोक, थरथरणारं, ऐंशी लोकांसमोर.

आयर्न ठेवून उठावं, तब्येत बरी नाही म्हणावं, असं अगदी बाईंच्या ओठांवर आलं. पण मग त्यांना वडील दिसले, बटणं लावून घेताना खिडकीबाहेर बघणारे. ते सगळ्यांपासून तोंड फिरवूनच गेले. बाईंना एकदम वाटलं, मी नाही फिरवणार.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आता तुम्हाला दिसलंच आहे, तर बोलून टाकते. माझा हात हलतो. भिंतभर दिसतंय, लपवून काय उपयोग? तुम्ही माझं काम बघायला आलात. तर हलणाऱ्या हाताने काम कसं करायचं, ते बघा."

कुणी हळहळलं नाही. कुणी कुजबुजलं नाही. उलट मांडवात पानं उलटल्याचा आवाज आला. लोक लिहून घेत होते. बाईंना हे विचित्रच वाटलं. पण आता बोलायला सुरुवात केली होती. "करंगळी बोर्डाच्या कडेला टेकवायची. मनगट टेबलावर. श्वास रोखायचा नाही, रोखला की जास्त हलतं. हळू सोडायचा. सोडता सोडता हात एक क्षण शांत होतो. तेवढ्यात टेकवायचं आणि उचलायचं." त्यांनी टेकवलं आणि उचललं. पडद्यावर सोल्डरचा थेंब पसरला, भागाच्या कडेवर चढला आणि चकाकत थांबला. टाळ्या पडल्या. बाईंना वाटलं, कीव करताहेत बिचारे.

वर्गाचा दुसरा भाग म्हणजे ऐकणाऱ्यांनी स्वतः करून बघायचं. अध्यक्ष असून प्राध्यापकच आधी उठले, बाह्या दुमडून खुर्चीवर बसले. त्यांनी आयर्न उचललं आणि कॅमेऱ्याखाली आणलं.

पडद्यावरचा खांब असा काही नाचायला लागला की विचारू नका. बाईंचा हात त्याच्यापुढे म्हणजे देवळातल्या समईचा दांडा. एवढा मोठा माणूस, आणि कुणाला काही बोलला नसणार. त्या त्यांच्या कानाशी वाकल्या आणि अगदी हळू, ज्याचं दुःख त्यालाच कळतं अशा आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्हालाही? कधीपासून आहे?"

पदराला माइक आहे, हे त्या साफ विसरल्या होत्या. ते कुजबुजणं ऐंशी लोकांना घणघणीत ऐकू गेलं.

"काय कधीपासून आहे?" प्राध्यापकांनी विचारलं.

"हाताचं."

प्राध्यापकांनी आयर्न खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे बघितलं. "जन्मापासून आहे बाई. सगळ्यांनाच असतं. चाळीसपट केल्यावर कुणाचा हात हलत नाही?"

मांडव हसला. बाई हसल्या नाहीत. मग वळून म्हणाल्या, "तुम्ही या. हो, तुम्ही, निळा शर्ट." निळा शर्ट आला, पंचविशीतला, दंड फुगवलेला. त्याचं टोक प्राध्यापकांपेक्षा जास्त नाचलं. "तुम्ही या." एक बाई आल्या, कुठल्याशा प्रयोगशाळेच्या प्रमुख. नाचलं. मघाचा मागच्या रांगेतला मुंगीवाला आला. त्याचं इतकं नाचलं की ते पडद्याबाहेरच गेलं आणि शोधून आणावं लागलं. यांत्रिक हातवाले दोघं आले. साहेब कडेला उभे होते, त्यांनाही बाईंनी खुणेने बोलावलं. साहेबांनी पंधरा वर्षांत आयर्न धरलं नव्हतं. त्यांच्या हाताबद्दल न बोललेलंच बरं. बाई आता शिकवत वगैरे काही नव्हत्या. त्या नुसते हात बघत होत्या, एकामागून एक, अधाशासारख्या. घरोघरी मातीच्या चुली, आणि आपण मात्र सहा आठवडे आपल्याच चुलीचा धूर खात बसलो.

शेवटी त्यांनी चष्मेवालीला बसवलं. चोवीस वर्षांची पोर, काय होणार तिला? तिचंही टोक थरथरलं. पण तिला त्याचं काहीच वाटलं नाही. पडद्याकडे बघत ती सहज म्हणाली, "तुम्हीच सांगितलंयत ना बाई, आधी किती पट मोठं केलंय ते बघ, मग घाबर."

बाईंनी टेबलाची कड धरली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय असतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं. अंगातलं सगळं ओझं पायांतून उतरून गेलं. त्या प्राध्यापकांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि लोकांनी स्वतःहून पाळीपाळीने येऊन उरलेला वर्ग पुरा केला. मधूनमधून बाई बसल्याजागेवरून ओरडत होत्या, "अरे करंगळी टेकव, करंगळी."

वर्ग संपल्यावर प्राध्यापकांनी त्यांना बाजूला घेतलं. बाईंनी वडिलांचं सगळं सांगितलं. इतके दिवस जे नवऱ्याला सांगता आलं नव्हतं, ते या परक्या माणसाला पाच मिनिटांत सांगून झालं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी काही औषधाचा डॉक्टर नाही," ते म्हणाले. "वडिलांना होतं म्हणताय, तर एकदा दाखवून या. मनात शंका ठेवू नका. पण मला एक सांगा, या सहा आठवड्यांत किती सांधे नापास झाले?"

"एकही नाही."

"मग?"

तेवढ्यात साहेब चहाचा कप घेऊन आले आणि जरा चाचरत म्हणाले, "बाई, ते गुडघ्यांचं कसं करायचं?"

"बरे झाले."

"कधी?"

"आत्ताच. तुमचा हात बघून."

साहेबांना यातलं काही कळलं नाही, पण बाई काम सोडणार नाहीत एवढं कळलं. तेवढ्यावर त्यांचा चेहरा फुलला आणि ते आणखी एक कप चहा आणायला धावले.

बाई मांडवामागच्या बोळात गेल्या. तिथे जादा खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या आणि कुणी नव्हतं. तिथे त्या रडल्या. चांगली पाच मिनिटं, नाक ओढून ओढून. मग पदराने तोंड पुसलं आणि नवऱ्याला फोन लावला. माइक आधी काढला.

"अहो, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. दीड महिना झाला. मला वाटलं होतं की मला बाबांसारखं झालंय. हात हलतो असं वाटत होतं. तसं नाहीये. कॅमेऱ्याखाली सगळ्यांचाच हलतो, मी आज वीस जणांचे हात बघितले." हे सगळं एका दमात सांगून झालं. "अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय," नवरा म्हणाला. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुला काय वाटतंय ते. दीड महिना दोन्ही हातांनी कप धरतेयस. थंडी नाही काही नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस म्हणून. म्हटलं, तिची वेळ झाली की सांगेल. मलाही तेच वाटत होतं गं. परवाची डॉक्टरची वेळ घेऊन ठेवलीय मी. माझ्या नावाने. पाठ दुखते सांगून तुला बरोबर नेणार होतो."

याही माणसाने दीड महिना एकट्याने तेच ओझं वाहिलं होतं, आणि रोज सकाळी काही न झाल्यासारखा चहा पुढे ठेवला होता. "जाऊया डॉक्टरकडे," त्या म्हणाल्या. "माझ्या नावाने जाऊया." तेवढ्यात फोनमधून घर्रर्र असा मोठा आवाज आला आणि नवरा फोन दूर धरून कुणालातरी म्हणाला, "एक मिनिट थांब रे बाबा."

"हे काय चाललंय घरात?"

"काही नाही."

"ड्रिलचा आवाज येतोय. सत्तावीस वर्षं कारखान्यात काढलीत मी."

"बाथरूममध्ये भिंतीला धरायची दांडी बसवतोय. म्हटलं, आज तू दिवसभर नाहीयेस तर उरकून घ्यावं. तुझ्या वडिलांना आंघोळ मीच घालायचो ना, त्यामुळे माहीत होतं मला. पुढे लागतेच ती. आता या मिस्त्रीला काय सांगू? दोन भोकं पाडून झालीत. परत पाठवू?"

बाई खुर्च्यांच्या त्या चवडीला टेकल्या. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, दोन्ही एकदम.

"किती उंचीवर पाडलीत?"

"जुन्या घरात बाबांना होती तेवढ्याच."

"बाबा सहा फूट होते. माझा हात पोचेल का तिथे?"

"म्हणजे बसवायची?"

"बसवा की. म्हातारे तर आपण दोघंही होणारच आहोत," बाई म्हणाल्या. "फक्त वीतभर खाली घ्या. आणि मी येईपर्यंत त्याला जाऊ देऊ नका, पक्की बसलीय का ते मी बघणार आहे."